कातडीखालचा दिवा : शरीरातल्या प्रकाश-संवेदकांचा मागोवा

विंचूर, लासलगाव, निफाड या पट्ट्यात द्राक्षाच्या मण्यांत पाणी उतरलं की बागायतदाराच्या हाती रिफ्रॅक्टोमीटर येतो. मणी चुरडायचा, रसाचा थेंब काचेवर टाकायचा, उजेडाकडे धरून डोळा लावायचा. किती ब्रिक्स साखर भरली ते लगेच दिसतं. खाण्याच्या द्राक्षाला आकडा १८ च्या आसपास गेला की काढणीचा विचार सुरू होतो, वाइनच्या द्राक्षाला आणखी थांबावं लागतं. राज्याच्या २००१ च्या धोरणातून विंचूरला वाइन पार्क आलं, तेव्हापासून तर गावात या आकड्याचं महत्त्व आणखी वाढलं. प्रकाशानं साखर मोजणं इथं कुणाला नवलाचं वाटत नाही. पण त्याच बागायतदाराला मधुमेह असेल, तर स्वतःच्या अंगातली साखर पाहण्यासाठी त्याला सहसा बोट टोचून पट्टीवर रक्त घ्यावं लागतं. मणी चुरडून चालतो. माणसाची साखर मात्र त्याला न दुखावता, चालता-बोलता, झोपेतही मोजता यायला हवी. त्यासाठी कातडीखाली प्रकाशावर चालणारा संवेदक बसवण्याचे प्रयत्न चार दशकांहून अधिक काळ चालू आहेत.

सुरुवात विजेच्या मार्गानं झाली. १९६२ मध्ये अमेरिकेत लेलंड क्लार्क यांनी ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर इलेक्ट्रोडवर बसवून साखर मोजण्याची कल्पना मांडली. आज दंडावर चिकटवायचे जे मापक बाजारात दिसतात, ते बहुतेक याच घराण्यातले. या पद्धतीत मोजताना साखर आणि प्राणवायू दोन्ही खर्च होतात, विकर हळूहळू निकामी होतं आणि काही दिवसांत मापक बदलावं लागतं.

प्रकाशाचा मार्ग खुला केला तो प्राणवायूनं. जपानमधल्या निहॉन कोहडेन कंपनीतले अभियंता ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात एक साधी गोष्ट हेरली. बोटातून जाणाऱ्या प्रकाशात नाडीबरोबर जो भाग बदलतो तो धमनीतल्या रक्ताचा. मग लाल आणि अवरक्त अशा दोन प्रकाशांत तेवढाच बदल तपासला, की रक्तातल्या प्राणवायूचं प्रमाण सुई न टोचता कळतं. पल्स ऑक्सिमीटर इथून जन्मला. साखरेचं मात्र असं नाही. रक्ताचा रंग प्राणवायूनं बदलतो, साखरेनं बदलत नाही. तिची चाहूल घेऊन उजळणारा किंवा मंदावणारा एखादा पदार्थ शरीरात ठेवणं भाग होतं.

१९८२ मध्ये जेरोम शुल्ट्झ आणि सहकाऱ्यांनी त्यासाठीची रचना करून दाखवली. एका पोकळ, सूक्ष्म छिद्रांच्या नळीच्या आतल्या भिंतीवर कॉन्कॅनॅव्हॅलिन-ए हे साखरेला धरून ठेवणारं प्रथिन बसवलं आणि त्यावर चमकणाऱ्या रंगाचं डेक्स्ट्रान अडकवलं. साखर आत आली की ती डेक्स्ट्रानला हटवून त्याची जागा घेते. सुटलेलं डेक्स्ट्रान प्रकाशाच्या झोतात येतं आणि चमक वाढते. ती चमक प्रकाशतंतूतून बाहेर वाचायची. यात साखर खर्च होत नाही, प्राणवायूही लागत नाही. आजच्या रचनांचा पाया मला या प्रयोगात दिसतो.

प्रकाशतंतूंवर त्या काळात मोठा भरवसा होता. १९८० मध्ये अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत रक्ताची आम्लता मोजणारा तंतू तयार झाला. पाठोपाठ धमनीत सरकवून प्राणवायू आणि कार्बन डायऑक्साइड मोजणारे तंतूही आले. प्रयोगशाळेत ते उत्तम चालत. धमनीत गेल्यावर टोकाशी रक्त गोठे, टोक भिंतीला टेकलं की आकडा चुके. कातडीखाली ठेवलेल्या वस्तूंची अडचण निराळी होती. शरीर परक्या वस्तूला ओळखतं, तिच्याभोवती कोलॅजनचं आवरण बांधतं आणि आतल्या संवेदकापर्यंत साखर पोहोचायला वेळ लागू लागतो. प्रकाश माणसाला लवकर वश झाला. शरीराची मनधरणी अजून चालू आहे.

पुढची पायरी रसायनशास्त्रानं दिली. प्रथिन नाजूक असतं, म्हणून जपानमध्ये सेइजी शिंकाई यांच्या गटानं १९९० च्या दशकात बोरॉनिक आम्ल आणि अँथ्रासीन यांची सांगड घालून साखर जोडली जाताच उजळणारे रेणू बनवले. यानंतर संशोधनाला दोन वाटा फुटल्या आणि प्रश्न उरला एकच : दिवा कुठे ठेवायचा, कातडीच्या आत की बाहेर?

दिवा बाहेर ठेवण्याच्या वाटेवर आपल्या मुंबईचं काम आहे. अमेरिकेत मायकेल मॅकशेन यांनी जी दिशा धरली, तिला 'स्मार्ट टॅटू' म्हणतात. चमकणारे सूक्ष्म गोळे गोंदणासारखे कातडीत सोडायचे आणि बाहेरून प्रकाश टाकून वाचायचे. मॅकशेन यांचे विद्यार्थी रोहित श्रीवास्तव हे काम घेऊन आयआयटी मुंबईत आले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या गटाच्या संशोधनात समुद्री शेवाळापासून मिळणाऱ्या अल्जिनेटचे गोळे वापरले आहेत. त्यांत साखर धरणारं, पण तिचा फडशा न पाडणारं विकराचं रूप कोंडलेलं होतं. चमकण्यासाठी अवरक्ताच्या जवळ जाणारे रंगही त्यांनी आजमावले. ही निवड आपल्यासाठी मोलाची आहे. कातडीतलं मेलॅनिन निळा प्रकाश भरपूर शोषतं. लांब लहरींचा प्रकाश त्यातून बराच पार जातो.

दिवा आत ठेवण्याची वाट अमेरिकेतल्या सेन्सिओनिक्स कंपनीनं धरली. तिचा 'एव्हरसेन्स' संवेदक १८.३ मिलिमीटर लांब आणि ३.५ मिलिमीटर जाड आहे. डॉक्टर भूल देऊन दंडाच्या कातडीखाली छोट्या छेदातून तो सरकवतात. दिवा, प्रकाश टिपणारे डोळे आणि बोरॉनिक आम्लाचा जेल, सगळं त्या कुपीतच. आत बॅटरी नाही. वर चिकटवलेला प्रक्षेपक बिनतारी ऊर्जा पुरवतो आणि दर पाच मिनिटांनी आकडा घेतो. प्रकाशाला कातडी ओलांडावी लागत नसल्यानं वर्णाचा अडसर राहत नाही. शरीराची सूज आवरायला कुपीभोवती डेक्सामेथासोनची कडी बसवली आहे.

अमेरिकेच्या औषध प्रशासनानं जून २०१८ मध्ये त्याला ९० दिवसांसाठी मान्यता दिली. त्याआधीच्या चाचणीत प्रयोगशाळेतल्या मापापासून त्याचा सरासरी फरक ८.८ टक्के होता. २०२२ मध्ये मुदत १८० दिवस झाली, २०२४ मध्ये ३६५. ९० दिवसांवरून वर्षावर जाताना मोठी झुंज होती ती जेल टिकवण्याची, कारण शरीरातली ऑक्सिडीकारक द्रव्यं बोरॉनिक आम्ल खाऊन टाकतात.

याच काळात कोविड आला आणि प्रकाशाचं मापक महाराष्ट्रातल्या घराघरांत पोहोचलं. सप्टेंबर २०२० मध्ये सुरू झालेल्या 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत कार्यकर्त्या दारोदार जाऊन ऑक्सिमीटर लावत होत्या. त्याच डिसेंबरात 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये मायकेल स्योडिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की प्राणवायू धोकादायक पातळीवर उतरलेला असूनही ऑक्सिमीटर तो ठीक दाखवतो असं अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय रुग्णांत गौरवर्णीयांच्या जवळपास तिप्पट वेळा घडत होतं. गोऱ्या कातडीवर जुळवलेलं यंत्र सावळ्या कातडीवर तपासूनच घ्यावं, हा धडा त्यातून मिळाला. साखरेच्या संवेदकांनाही तो लागू पडतो. एव्हरसेन्सच्या कुपीत दिवे, विजेचे भाग आणि डॉक्टरचा छेद, सगळंच खर्चिक. सूक्ष्म गोळ्यांची वाट स्वस्त पडू शकते, पण तिच्यावर प्रत्येक आकडा आपल्याच सावळ्या कातडीतून येणार आहे.

हे तपासण्याची निकड आपल्याला जास्त आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनं देशातल्या मधुमेहींचा अंदाज १० कोटी १० लाख दिला. आणखी १३ कोटी ६० लाख उंबरठ्यावर आहेत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांत गरोदर मातांचा अभ्यास करून सांगितलं, की आपली बाळं जन्मतः बारीक असली तरी त्यांच्या अंगात चरबी तुलनेनं जास्त असते. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी आणि ब्रिटनच्या जॉन युडकिन यांनी स्वतःचीच तुलना छापली. दोघांचा शरीरभार निर्देशांक २२.३, चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. बाहेरून सडसडीत दिसणाऱ्या शेतकऱ्याला मधुमेह नसेल, असं आपण समजून चालतो, ते का चुकतं हे या दोन आकड्यांत आहे.

म्हणजे आजाराची समज पुण्यात आहे, संवेदकाचं रसायन मुंबईत आहे आणि १९९८ पासून आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशकात आहे. या तिघांना जोडणारं काम आता हवं : निफाडसारख्या तालुक्यात, उन्हात राबणाऱ्या माणसांच्या कातडीवर, त्यांच्या संमतीनं आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली चाचण्या. संशोधकांनी पहिला आकडा इथल्या दंडावर घ्यावा, शासनानं त्यासाठी पैसा द्यावा आणि स्वस्त होईपर्यंत पाठ सोडू नये. तोवर वाचकांना एवढंच सांगेन : तिशी ओलांडली असेल, घरात कुणाला मधुमेह असेल, तर अंगानं बारीक आहात म्हणून थांबू नका, साखर तपासून घ्या.