सुभद्रेची भूमिका

बालाघाटला माझ्याकडे गाणे शिकणाऱ्या एका मुलीने परवा तंबोरा जुळण्याआधीच मोबाइल पुढे केला. रेनाता तेबाल्दी ही इटालियन गायिका वेर्दीच्या ‘ओतेल्लो’तील देस्देमोनाची प्रार्थना गात होती. शब्द एकही कळेना. पण वरच्या सप्तकात शिरूनही आवाजाचा गोडवा तिळभर कमी होत नव्हता. “गुरुजी, आपल्याकडे नाटकात असं कोण गायचं?” तिने विचारले. मी चटकन बालगंधर्वांचे नाव घेतले. ती हसली. “ते तर पुरुष ना!”

पोरीचा मुद्दा बिनतोड होता.

इटलीतही हेच होते. 1588 मध्ये पोप पाचवे सिक्स्टस यांनी रोममध्ये स्त्रियांना रंगभूमी बंद केली आणि पुढे दोनशे वर्षे तेथे नायिकांची पदे पुरुषच गात. त्यांचा आवाज फुटू नये म्हणून बालपणीच त्यांच्यावर शस्त्रक्रिया करीत. आमच्या नटांचे सुदैव, की त्यांचे मिशी काढून भागे! या गायकांपैकी अखेरचा, मोरेस्की, 1922 मध्ये वारला. त्याच वर्षी, एके काळी पोपच्याच राज्यात असलेल्या पेझारो गावी तेबाल्दी जन्मली. बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झालेले मिलानचे ला स्काला नाट्यगृह 1946 मध्ये पुन्हा उघडले, तेव्हा तोस्कानिनींनी या चोवीस वर्षांच्या मुलीला गायला बोलावले होते. 2004 मध्ये ती गेली.

आमच्याकडे हे काम हिराबाई बडोदेकरांनी केले. जन्म 1905, मिरजेचा. वडील खाँसाहेब अब्दुल करीम खाँ बडोदे दरबारचे गवई, आई ताराबाई तेथल्याच सरदार माने घराण्यातली. दोघांना बडोदे सोडावे लागले. पुढे ताराबाईही मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. हिराबाईंना तालीम मिळाली ती अब्दुल वहीद खाँची. 1930च्या आगेमागे त्यांनी भावंडांसह नाटक मंडळी काढली आणि जी सुभद्रा रसिकांनी बालगंधर्वांच्या रूपात डोळ्यांत साठवली होती, तीच स्वतः उभी केली. धाडस गाण्याचे नव्हतेच, उभे राहण्याचे होते. बोलपटांच्या लाटेत मंडळी बुडाली, कर्ज झाले; ते त्यांनी मैफली करून फेडले. तिकीट लावून जाहीर जलसे करणाऱ्या पहिल्या गायिकांत त्यांची गणना होते. अंगभर पदर, हातवारे नाहीत, मुद्रा शांत. घरंदाज बायका त्या जलशांना येऊ लागल्या, हे मला 1970च्या पद्मभूषणाहून मोठे वाटते.

येथे घरचीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. वडील दरबारात गात. पहाटे त्यांचा रियाज चाले, तेव्हा माझी आत्या स्वयंपाकघरात भाकरी थापता थापता तीच बंदिश गुणगुणे; आणि जागा बहुधा बरोबर घेई. वडिलांनी तिला कधी गप्प केले नाही, पण तंबोराही कधी हाती दिला नाही. हिराबाईंच्या तबकड्या मात्र आमच्या घरी मोठ्या आदराने वाजत. वाजवून झाल्यावर त्या फडक्याने पुसून ठेवण्याचे काम आत्याचे.

हे सारे त्या मुलीला सांगितले. तिने विचारले, “आत्या कोणत्या पट्टीत गायच्या?”

मला सांगता आले नाही. वडिलांनाही ते ठाऊक नसावे.