पाच उड्डाणांचा करार, बहात्तर उड्डाणांची सोबत

नासाचं ‘इन्जेन्युइटी’ हे १.८ किलोचं हेलिकॉप्टर १९ एप्रिल २०२१ रोजी मंगळावर ३९ सेकंद उडालं. त्याच्याकडून अपेक्षा होती महिनाभरात फार तर पाच उड्डाणांची. ते थांबलं १८ जानेवारी २०२४ रोजी, बहात्तराव्या उड्डाणाला. तिथे ना सुटे भाग मिळणार होते, ना कुणाचा हात पोहोचणार होता. थकत चाललेल्या ड्रोनवर भरवसा कसा टिकवायचा, हे त्याच्या या पावणेतीन वर्षांत दिसतं.

मे २०२१ मधल्या सहाव्या उड्डाणात वाट दाखवणाऱ्या कॅमेऱ्याचं एक चित्र गहाळ झालं. पुढच्या सगळ्या चित्रांच्या वेळा चुकल्या आणि हेलिकॉप्टर हेलकावे खाऊ लागलं. तरीही ते ठरल्या जागेपासून पाच मीटरच्या आत सुखरूप उतरलं, कारण उतरताना शेवटच्या टप्प्यात कॅमेऱ्यावर विसंबायचंच नाही, अशी मुळातच योजना होती.

खरी परीक्षा २०२२ ची. जानेवारीतल्या वादळामुळे पात्यांचा कोन बदलणाऱ्या यंत्रणेत धूळ शिरली. सर्वो मोटर पुन्हा पुन्हा हलवून ती झाडावी लागली. मग हिवाळा आला. धुळीने माखलेल्या सौर पॅनेलवर बॅटरी रात्र काढू शकेना, मे महिन्यात संपर्कच तुटला. तो जुळल्यावर वीज वाचवण्यासाठी हीटर उणे १५ ऐवजी उणे ४० अंशांना सुरू करायचं ठरलं. त्या गारठ्यात, उड्डाणाआधी हेलिकॉप्टर किती कललं आहे हे सांगणारा सेन्सर निकामी झाला. पण त्याचं काम दुसऱ्या सेन्सरकडून करून घेणारं सॉफ्टवेअर पहिल्या उड्डाणाआधीच लिहून ठेवलेलं होतं. ते पाठवलं आणि ११ जूनला एकोणतिसावं उड्डाण झालं.

शेवट झाला तो वाळूच्या एकसारख्या लाटांवर. खाली नजर ठरेल अशी खूणच नव्हती, वेगाचा अंदाज चुकला आणि उतरताना पाती मोडली. म्हणजे झिजलेल्या भागांनी दगा दिला नाही. दगा दिला तो हेलिकॉप्टर नवं असतानाही अवघड ठरली असती अशा जमिनीने.

शेतात, सर्वेक्षणात वर्षानुवर्षे ड्रोन वापरणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. प्रत्येक उड्डाणाची नोंद ठेवा, बॅटरी आणि मोटर यांचा बदलता स्वभाव ओळखा, आणि एखादा भाग गेला तर त्याचं काम कोण करणार, हे तो भाग धडधाकट असतानाच ठरवून ठेवा.