दोन चमचे पाणी

जून २०२५ च्या अखेरीस मध्य प्रदेशच्या मुख्यमंत्र्यांच्या ताफ्यातल्या एकोणीस गाड्या रतलामजवळ एकाच रात्री बंद पडल्या. पंपावर डिझेल भरून निघाल्या, थोडे अंतर गेल्या आणि एकेक करून रस्त्याकडेला उभ्या राहिल्या. टाक्यांतले डिझेल कॅनमध्ये काढले, तर त्यात पाणीच पाणी. पंपाला सील लागले आणि पावसाचे पाणी जमिनीखालच्या टाकीत झिरपले असावे, असा खुलासा झाला.

ताफा मुख्यमंत्र्यांचा, म्हणून बातमी झाली. नारायणगावहून टोमॅटो भरून वाशीला निघालेली पिकअप माळशेज घाटात अशीच उभी राहते, तेव्हा बातमी होत नाही. बाजाराची वेळ हुकते, माल पडून राहतो, गाडी टोचन करून गॅरेजला जाते आणि चारही इंजेक्टर व पंप गेल्याचे फिटर सांगतो. थोडेसे पाणी एवढे मोठे नुकसान कसे करते, हे त्या गाडीमालकाला सहसा कोणी समजावून सांगत नाही.

पाणी डिझेलमध्ये असतेच. आपल्याकडच्या डिझेलचे मानक, म्हणजे आयएस १४६०, किलोमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत पाणी चालवून घेते. पिकअपची साठ लिटरची टाकी भरली, तर डिझेलचे वजन साधारण पन्नास किलो आणि त्यातले कायदेशीर पाणी फार तर दहा ग्रॅम. म्हणजे चहाचे दोन चमचे, तेही साठ लिटरमध्ये विखुरलेले. डिझेलमध्ये विरघळू न शकणारे पाणी सुटे होते आणि डिझेलपेक्षा जड असल्याने तळाला बसते. टाकीतून डिझेल ओढणारी नळीही तळाजवळच असते.

जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाड्या थोडे पाणी पचवत. मिसिंग मारायच्या, पांढरा धूर सोडायच्या. फिटर फिल्टर उघडून पाणी काढायचा, एअर काढायचा आणि गाडी चालू व्हायची. त्या इंजिनांचे नोझल दोनशे बारच्या आसपास उघडायचे. आजच्या कॉमन रेल इंजिनात, म्हणजे एकाच सामाईक नळीतून (रेलमधून) सगळ्या इंजेक्टरना डिझेल देणाऱ्या इंजिनात, डिझेलचा दाब सोळाशे ते दोन हजार बारपर्यंत जातो. कारच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार हवा असते, त्यावरून या दाबाचा अंदाज यावा. एवढा दाब कोंडून धरायचा तर इंजेक्टरमधल्या सरकत्या भागांत जेमतेम दोन-चार मायक्रॉनची फट ठेवावी लागते. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा.

त्या फटीत वेगळे ऑइल नसते. पंपाला आणि इंजेक्टरला वंगण मिळते ते डिझेलचेच. डिझेलच्या जागी पाण्याचा थेंब आला की धातूवर धातू घासतो. थेंब तापलेल्या नोझलच्या टोकाशी पोचला तर क्षणात त्याची वाफ होते आणि टोकाला तडा जाऊ शकतो. शिवाय इंजेक्टरला नको असलेले डिझेल रिटर्न लाइनने परत टाकीत येते. पंपातून निघालेला धातूचा बारीक कीस त्याच वाटेने सगळीकडे फिरतो. म्हणूनच बिघाड पंपात झाला, तरी रेल, इंजेक्टर, नळ्या आणि टाकी यांचाही खर्च माथी बसतो. फिटर लुबाडतो आहे असे वाटते, पण यातला बराचसा खर्च खरोखरच टळण्यासारखा नसतो.

यात डिझेल स्वच्छ झाल्याचाही एक धागा आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ डिझेल आले आणि गंधकाची मर्यादा दहा लाख भागांत ५० वरून १० भागांवर आली. हवेसाठी ते उत्तमच. पण गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलला मुळात वंगणपणा देणारी काही संयुगेही निघून जातात, म्हणून रिफायनरीला वरून ॲडिटिव्ह घालावे लागते. ते पुरेसे आहे का, हे तपासायची रीत मोठी मजेशीर आहे. सहा मिलिमीटरची पोलादी गोळी साठ अंश सेल्सिअसच्या डिझेलमध्ये बुडवून चकतीवर पंचाहत्तर मिनिटे घासायची आणि गोळीवर पडलेला चट्टा सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचा. आपल्याकडे तो ४६० मायक्रॉनपेक्षा मोठा चालत नाही. अमेरिकेत ५२० पर्यंत चालतो.

पाणी येते कुठून? ‘टाकी अर्धी ठेवू नका, हवेतल्या दमटपणाचे आत पाणी होते’ हा सल्ला सर्रास दिला जातो. तो चुकीचा नाही, पण त्याला फाजील महत्त्व मिळाले आहे. तीस अंश तापमानाच्या पूर्ण दमट हवेत घनमीटरमागे सुमारे तीस ग्रॅम बाष्प असते. अर्ध्या रिकाम्या टाकीत तीस लिटर हवा, म्हणजे एक ग्रॅमही बाष्प नाही. रात्री पारा दहा अंशांनी उतरला, तरी पाणी होणार जेमतेम अर्धा ग्रॅम. महिनोन्महिने उभ्या असलेल्या गाडीत किंवा जनरेटरच्या टाकीत ते साचेल, पण रोज धावणारी पिकअप त्याने बंद पडत नाही. ती बंद पडते पंपाच्या टाकीच्या झाकणातून झिरपलेल्या पावसाने, उघड्यावर ठेवलेल्या कॅनने आणि गाडीच्या टाकीच्या सैल बसलेल्या झाकणाने. पाऊस हा यातला मुख्य आरोपी.

पाणी साचून राहिले की त्यात राहायला येणारेही असतात. काही बुरशी आणि जिवाणू डिझेल खाऊन जगतात. सूक्ष्मजीव पेट्रोलियममधील हायड्रोकार्बन कसे वापरतात, यावर बुशनेल आणि हास या अमेरिकी संशोधकांनी १९४१ साली शोधनिबंध लिहिला. त्यांच्या नावाचे पोषणद्रावण आजही प्रयोगशाळांत वापरतात. या जीवांना खायला डिझेल लागते, पण जगायला पाणी. म्हणून त्यांची वस्ती दोन्हींच्या सीमारेषेवर असते: वर डिझेल, खाली पाणी आणि मध्ये तपकिरी-काळा बुळबुळीत थर. दिसायला शेवाळासारखा, पण शेवाळाला उजेड लागतो आणि टाकीत अंधार. ही वस्ती आम्ले सोडून टाकी गंजवते आणि तिचे तुकडे सुटून फिल्टर तुंबवतात. नवा फिल्टर बसवून काही दिवसांतच गाडी पुन्हा पिकअप घेईनाशी झाली, तर आधी टाकीच्या तळाशी संशय घ्यावा. नुसते जंतुनाशक ओतून भागत नाही, कारण मेलेला थरही फिल्टरमध्येच येऊन अडकतो. टाकी उतरवून धुणे हाच उपाय. बायोडिझेल पाणी जास्त धरून ठेवते आणि या जीवांना ते अधिक रुचते, त्यामुळे मिश्रणाचे प्रमाण वाढेल तशी ही काळजीही वाढणार.

पाण्याखेरीज भेसळही पंप आणि इंजेक्टर खाते आणि तिचा इतिहास महाराष्ट्राला नवा नाही. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेलाची भेसळ रोखताना जिवंत जाळण्यात आले. तेव्हा रेशनचे केरोसीन डिझेलपेक्षा खूप स्वस्त होते आणि भेसळीचे सारे गणित त्या फरकावर चालायचे. केरोसीन डिझेलपेक्षा पातळ, त्यामुळे वंगण कमी आणि पंपाची झीज जास्त. आता अनुदान संपले, पण बायोडिझेलच्या नावाखाली स्वस्तात तेल विकणारे अजून भेटतात. लिटरमागे वाचलेले चार पैसे एक इंजेक्टर सहज गिळतो.

मग करायचे काय? बहुतेक गाड्यांच्या डिझेल फिल्टरच्या तळाशी ड्रेन स्क्रू असतो आणि अनेक गाड्यांत पाणी साचल्याचा दिवाही. पावसाळ्यात आठवड्याला एकदा गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी तो स्क्रू सैल करून थोडे डिझेल स्वच्छ काचेच्या बरणीत घ्यावे आणि बरणी गोल फिरवावी. भोवरा थांबताना पाण्याचे थेंब तळाच्या मध्यभागी जमतात, चकचकीत आणि वेगळे. डिझेल स्वच्छ असेल तर बरणीमागचा छापील मजकूर वाचता येतो. धुरकट दिसले तर पाणी विरघळण्यापलीकडे गेले आहे, असे समजावे. पाणी डिझेलमध्ये मिसळून टाकणारी रसायने कॉमन रेल गाडीत घालू नयेत. त्यांनी पाणी फिल्टरमध्ये अडकायचे सोडून थेट पंपात जाते.

पंपावर शंका आली तर घनता तपासून मागता येते. हायड्रोमीटर, थर्मामीटर आणि तक्ता पंपावर असावाच लागतो. पंधरा अंशांवर आणलेली घनता नोंदवहीतल्या आकड्यापासून घनमीटरमागे तीन किलोपेक्षा जास्त सरकली, तर डिझेल संशयास्पद. पंपाच्या टाकीच्या तळाशी पाणी आहे का, हे मोजपट्टीला लावलेली पेस्ट पाण्याने रंग बदलून सांगते.

आणि डिझेल भरून निघाल्यावर गाडी ठसकू लागली, तर लगेच बाजूला घेऊन बंद करा. पुन्हा पुन्हा सेल्फ मारू नका, धक्का मारूनही चालू करू नका. प्रत्येक प्रयत्नाला पाणी इंजेक्टरच्या आणखी जवळ जाते. टाकीतल्या डिझेलचा नमुना काचेच्या बाटलीत साक्षीदारासमोर काढून ठेवा, पंपाचे बिल सांभाळा आणि गाडी टोचन करून न्या. भरपाई मागायची वेळ आली, तर हातात ती बाटली आणि ते बिलच असते.