आजी, ट्यूबलाइट आणि १/५० सेकंद

मागच्या खेपेला पुण्याला गेलो ते ठरवूनच, की आजीला बोलतं करायचं आणि ते नीट चित्रित करायचं. फोनवर नाही, तर माझ्या जुन्या फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर, अगदी सिनेमात दिसतं तसं. संध्याकाळची वेळ होती. आजी स्वयंपाकघरात तांदूळ निवडत बसली होती. बोलता बोलता गाडी १९६१ च्या पानशेतच्या पुरावर आली. पाणी ओसरल्यावर घरात काय सापडलं, काय नाही, हे तिने मला आजवर कधी सांगितलं नव्हतं.

रात्री लॅपटॉपवर पाहिलं आणि कपाळावर हात मारला. मागच्या भिंतीवर दोन-तीन आडवे गडद पट्टे थरथरत होते. आजी सुपावर वाकली की चेहरा धूसर होत होता. आणि तिच्या बारीक चौकडीच्या लुगड्यावर इंद्रधनुष्यी लाटा पसरल्या होत्या. प्रयोगशाळेत रोज सूक्ष्मदर्शकावर कॅमेरा लावून बसणाऱ्या माणसाने या तिन्ही चुका कराव्यात, म्हणजे कमालच!

मुळात फोटो काढायच्या कॅमेऱ्याने सिनेमा काढायचा कशाला? ऑगस्ट २००८ मध्ये निकॉनचा डी-९० जाहीर झाला, व्हिडिओ घेऊ शकणारा पहिला डीएसएलआर. पुढच्याच महिन्यात कॅननचा फाइव्ह डी मार्क टू आला. त्याचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा, तर तेव्हाच्या बऱ्याच व्हिडिओ कॅमेऱ्यांचा जेमतेम ४.८ मिलिमीटर रुंद, म्हणजे साडेसात पट लहान. चौकट आणि अंतर तेच ठेवलं, तर मोठ्या सेन्सरवर एफ/२.८ ला पार्श्वभूमी जितकी विरघळते, तितकी लहान सेन्सरवर विरघळवायला साधारण एफ/०.३७ ची लेन्स लागेल. हवेत एफ/०.५ च्या खाली जाणं भौतिकशास्त्रालाच मान्य नाही. त्यामुळे लहान सेन्सरवर ते रूप कितीही पैसे मोजले तरी मिळणारं नव्हतं, आणि इथे ते एका स्थिरचित्रांच्या कॅमेऱ्यात मिळू लागलं. २०१० मध्ये 'हाउस' या अमेरिकन मालिकेच्या सहाव्या पर्वाचा शेवटचा भाग फाइव्ह डी मार्क टूवर चित्रित झाला. आपल्या अमोल गुप्तेंनी 'स्टॅनली का डब्बा' (२०११) कॅननच्या सेव्हन डीवर केला, तोही मुलांच्या कार्यशाळांमधून. एवढासा कॅमेरा समोर असला की मुलं मुलांसारखीच वागतात. आज्यासुद्धा.

पण जे मिळालं त्याची किंमतही असते. ५० मिलिमीटरची लेन्स, एफ/१.८ आणि आजी दीड मीटरवर, असा हिशेब मांडला तर स्पष्ट दिसणारी जागा सुमारे १० सेंटिमीटर भरते. खडा वेचायला आजी त्याहून जास्त वाकते. सिनेमावाल्यांकडे फोकस सांभाळायला वेगळा माणूस असतो, माझ्याकडे मीच होतो. दुसऱ्या दिवशी मुकाट्याने एफ/५.६ केलं.

लुगड्याचं कोडं सोपं आहे. फाइव्ह डी मार्क टूच्या पिढीच्या या कॅमेऱ्यांना सेकंदाला तीस वेळा सगळे पिक्सेल वाचणं झेपत नाही, म्हणून ते व्हिडिओसाठी मधल्या ओळी गाळतात. चौकडी त्या अंतराच्या जवळपास बारीक असली की नसलेली नक्षी दिसू लागते. यावर माझा उपाय एकच होता, आजीला साधं लुगडं नेसायला सांगणं. (सांगून बघितलं. तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं.)

पट्ट्यांची गोष्ट मात्र आपल्यासारख्या दोन देशांत पाय असलेल्यांसाठी खास आहे. भारतात विजेची वारंवारता ५० हर्ट्झ. प्रवाह एका आवर्तनात दोनदा शिखर गाठतो, त्यामुळे जुन्या चोकची ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा उजळते-मंदावते. अमेरिकेत ६० हर्ट्झ, म्हणून १२० वेळा. डोळ्यांना हे कळत नाही, सेन्सरला कळतं. शटर फ्रेमच्या निम्म्या वेळ उघडं ठेवायचा सिनेमाचा जुना प्रघात पाळून मी सेकंदाला ३० फ्रेमसाठी १/६० ठेवलं होतं. अमेरिकेतल्या घरात तेवढ्या वेळात दिव्याचे बरोबर दोन ठोके मावतात, त्यामुळे इतकी वर्षं काही बिघडलं नाही. पुण्यात मावले एक पूर्णांक दोन-तृतीयांश. उरलेला तुकडा कधी उजेडाचा, तर कधी अंधाराचा. शिवाय हा सेन्सर सगळं चित्र एकदम टिपत नाही, वरून खाली ओळीओळीने वाचतो. प्रत्येक ओळीच्या वाट्याला वेगळा तुकडा येतो, म्हणून पट्टे. शटर १/५० केलं की दोन पूर्ण ठोके मावतात आणि पट्टे जातात. चाकाला एक टिचकी, बस्स! अमेरिकेत परतल्यावर ते पुन्हा १/६० करायला विसरू नका. स्वस्तातले काही एलईडी दिवेही असेच लुकलुकतात, तेव्हा ट्यूबलाइट नाही म्हणून निर्धास्त राहण्यात अर्थ नाही. आधी दहा सेकंद घेऊन मोठ्या पडद्यावर बघावं.

दुसऱ्या दिवशी सगळं जुळवून, खिडकीजवळ बसवून आजीला पुन्हा पुराचं विचारलं. "अरे, कालच सांगितलं की," म्हणाली, आणि तीन मिनिटांत आटपलं. चित्र देखणं आलंय: मऊ उजेड, डोळे स्वच्छ, एकही पट्टा नाही.

पट्ट्यांपैकी काही मी संगणकावर घालवले. दर तीन फ्रेमनंतर ते जवळपास त्याच जागी येतात, म्हणून शेजारच्या तीन फ्रेमची सरासरी घेतली की भिंत बरीच एकसारखी होते. आजीचे हात मात्र त्यात पुसट होतात, म्हणून चेहरा आणि हातांचा भाग वगळून फक्त भिंतीवर हे करतोय. अजून अकरा मिनिटांचं काम बाकी आहे.