विषाणू सजीव की निर्जीव? आणि त्याचा आपल्या औषधांशी काय संबंध?

जुन्नर-आंबेगावात ‘व्हायरस’ हा शब्द दवाखान्यात ऐकू येतो, तसाच टोमॅटोच्या प्लॉटवरही. २०२० च्या उन्हाळ्यात राज्यात टोमॅटोवर रोग आला आणि लोक त्याला ‘तिरंगा व्हायरस’ म्हणू लागले. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या तपासणीत त्यात मुख्यतः कुकुंबर मोझॅक व्हायरस आढळला. कोरोनाचे दिवस होते. असे टोमॅटो खाऊन माणसालाही आजार होईल, अशी भीती पसरली. ती निराधार होती. का, ते समजण्यासाठी आधी विषाणू म्हणजे काय ते पाहू.

विषाणू जिवंत असतो का?

जिवाणू ही पूर्ण पेशी असते. ती अन्न घेते, ऊर्जा तयार करते, एकाची दोन होते. विषाणूला यातले काहीच स्वतःहून जमत नाही. तो म्हणजे प्रथिनाच्या वेष्टनातली आनुवंशिक माहिती. काहींवर चरबीचे आवरणही असते. १९३५ मध्ये अमेरिकेत वेंडेल स्टॅन्ली यांनी तंबाखूवरील मोझॅक विषाणूचे चक्क स्फटिक बनवले. तरीही त्यांची रोग करण्याची ताकद टिकून होती!

विषाणू बदलतो, नवे प्रकार तयार होतात, म्हणून काही शास्त्रज्ञ त्याला सजीव मानतात. एकमत अजून नाही. काहीजण त्याची तुलना बियाण्याशी करतात. पण बी ओल मिळाली की स्वतः उगवते. विषाणूला दुसऱ्याचे रानही लागते आणि औतही. पेशीबाहेर तो निपचित असतो; आत शिरला की तिच्याच यंत्रणेकडून स्वतःच्या प्रती काढून घेतो.

मात्र प्रत्येक विषाणूला ठरावीक पेशीच चालतात. मावा किडीमार्फत पसरणाऱ्या त्या टोमॅटोच्या विषाणूला आपल्या पेशीत वाढता येत नाही.

मग आपण काय करावे?

• सर्दी किंवा व्हायरल तापात अँटिबायोटिकचा हट्ट धरू नका. ही औषधे जिवाणूची भिंत किंवा त्याची यंत्रणा मोडतात. विषाणूकडे ती नसतेच. विनाकारण घेतल्यास पुढे खऱ्या गरजेला औषध लागू पडेनासे होते. फ्लू, नागीण अशा काही आजारांवर विषाणूविरोधी औषधे आहेत; ती डॉक्टर ठरवतील.

• साबणाने हात धुवा. कोरोना, फ्लूच्या विषाणूचे चरबीचे आवरण साबणाने फुटते.

• कुत्रा चावला किंवा बिबट्याने जखम केली, तर वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे जखम धुवा. हळद, चुना लावू नका. त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जाऊन रेबीजची लस सुरू करा. खोल जखमेत सीरमही लागते. विषाणू मज्जातंतूत शिरून मेंदूपर्यंत पोहोचला आणि लक्षणे दिसू लागली, की रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य असते.

ताप तीन दिवसांपेक्षा जास्त टिकला, धाप लागली, लघवी कमी झाली, रक्तस्राव झाला किंवा रुग्ण गुंगीत गेला, तर घरी थांबू नका. लगेच डॉक्टरांना दाखवा.