परसातल्या रानाची मोजणी

चंद्रपूर जिल्ह्याच्या दक्षिण भागात, माणिकगडाच्या डोंगररांगांजवळ वसलेल्या गडचांदूरची बाहेरच्या जगाला ओळख आहे ती सिमेंटच्या कारखान्यांमुळे आणि त्यांना पोसणाऱ्या चुनखडकामुळे. परंतु 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात मोडणाऱ्या जुन्या राजुरा तालुक्याच्या या मुलखात वस्ती आणि अरण्य यांमधील हद्द कधीच फारशी ठळक नव्हती, आणि मालकाच्या गैरहजेरीत एखादे आवार दोन-तीन पावसाळे तसेच पडून राहिले, तर ती हद्द किती सहज पुसली जाते, हे येथील रहिवाशांना सांगावे लागत नाही. फाटकापासून पडवीपर्यंत तरोटा आणि रानतुळस माजते, कुंपणाच्या कडेने घाणेरीची जाळी उभी राहते, पक्ष्यांनी टाकलेल्या बियांतून कडुनिंब आणि बोर आपोआप वर येतात. परत आलेल्या मालकाची पहिली तजवीज बहुधा ठरलेली असते: दोन मजूर, दोन कोयते, आणि उरल्यासुरल्या मुळांवर तणनाशक. ज्याला त्या जागेत पाखरे, फुलपाखरे आणि मधमाश्या नांदाव्यात असे मनापासून वाटते, त्याने मात्र नेमके याच ठिकाणी हात आवरला पाहिजे, कारण ज्या जीवांना तो बोलावू पाहतो त्यांपैकी पुष्कळसे तेथे अगोदरच वास्तव्य करून आहेत.

पूर्वीच्या महसुली अंमलात मोजणी झाल्यावाचून जमाबंदी होत नसे. नवशिक्या उद्यानप्रेमीनेही तोच क्रम पाळावा. मृगापासून निदान हिवाळ्यापर्यंत, कोणती वनस्पती कोठे उगवते, तिच्या पानांना कोण कुरतडते, फुलांवर कोण येते, याची नोंद एका वहीत ठेवावी. असल्या नोंदींतून काय हाती लागू शकते याचे उत्तम उदाहरण इंग्लंडमधील लेस्टर शहरात आहे. तेथील जेनिफर ओवेन या जीवशास्त्रज्ञ विदुषीने 1972 पासून तीस वर्षे आपल्या उपनगरातील घराभोवतीच्या साध्या बागेचा अभ्यास केला आणि तेथे 2,673 जातींची नोंद केली, त्यांपैकी 1,997 कीटकांच्या होत्या. ती बाग एकरभरही नव्हती. तिचे क्षेत्रफळ जेमतेम 741 चौरस मीटर होते.

फुलपाखरू म्हटले की आपल्या मनात फुलेच येतात. परंतु मध हा केवळ प्रौढ फुलपाखराचा आहार होय, आणि त्याच्या वंशाचे भवितव्य फुलांवर नव्हे, तर पानांवर अवलंबून असते. मादी अंडी घालते ती विशिष्ट वनस्पतीवरच, कारण तिच्या सुरवंटांना त्याच किंवा तिच्या जवळच्या कुळातील वनस्पतींची पाने पचतात. वनस्पतींनी स्वसंरक्षणार्थ पानांत जी रसायने साठविली, ती पचविण्याचे सामर्थ्य एकेका कीटकवंशाने दीर्घ उत्क्रांतीच्या ओघात संपादन केले, आणि त्या सामर्थ्याबरोबरच तो त्या वनस्पतीशी बांधला गेला. म्हणूनच ज्या तरोट्याची कोवळी भाजी येथील घराघरांत पावसाळ्याच्या आरंभी होते, तोच गवतालगत उडणाऱ्या इवल्याशा पिवळ्या फुलपाखरांच्या सुरवंटांना पोसतो. बहाव्यावर फिकट पिवळसर रंगाची चपळ फुलपाखरे वाढतात. कढीपत्त्याच्या आणि लिंबाच्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखे दिसणारे जे किडे आढळतात, ते लिंबाळी फुलपाखराचे बाल्यरूप असते. रुईच्या चिकाला जनावर तोंड लावीत नाही, पण काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे सुरवंट ती पाने निर्धास्तपणे खातात, आणि त्यांतून निघालेल्या नारिंगी फुलपाखराच्या वाटेस पक्षी सहसा जात नाहीत.

बांडगुळाविषयी येथे थोडे विस्ताराने सांगावेसे वाटते, कारण ही वनस्पती आपल्या समाजात विनाकारण बदनाम झालेली आहे. आंब्याच्या फांदीवर वाढणारे बांडगूळ अतोनात माजले तर झाडाला जाचक होते, हे खरेच. परंतु हळदी-कुंकू या नावाने ओळखले जाणारे देखणे फुलपाखरू आपली अंडी त्याच्याच पानांवर समूहाने घालते, आणि फुलटोच्या हा चिमुकला पक्षी त्याच्या फुलांतील मध आणि फळांतील गर खाऊन परागण व बीजप्रसार अशी दोन्ही कामे करतो. फांदीवरील एखादा झुबका राखला, तर मालकाचे कोणतेही मोठे नुकसान होत नाही.

याचा अर्थ जे उगवले ते सर्व राखावे, असा मात्र नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेचे झाड म्हणून आपल्या देशात आणलेली घाणेरी, आणि 1955 च्या सुमारास पुण्यात प्रथम नजरेस आलेले गाजरगवत, या दोन परकीय वनस्पती स्थानिक गवतांना आणि रोपांना बेदखल करतात. तथापि घाणेरीच्या फुलांवर फुलपाखरे मुबलक येतात आणि तिच्या जाळीत बुलबुल घरटी करतात, म्हणून ती एकदम न काढता टप्प्याटप्प्याने काढणे श्रेयस्कर. नुसती छाटल्यास ती दुप्पट जोमाने फुटते. दिल्ली विद्यापीठाचे प्राध्यापक सी. आर. बाबू यांनी दाखविलेली पद्धत अशी की, जमिनीखाली दोन-तीन बोटे खोल, जेथे खोड संपून मूळ सुरू होते त्याच्या खालून ती तोडावी, आणि उपटलेले झुडूप मुळे वर येतील असे उलटे ठेवावे, म्हणजे ते पुन्हा रुजत नाही. आपल्या काळ्या जमिनीत हे काम पावसाळ्यात सुकर होते.

वाळके लाकूड हीही एक संपत्तीच. तांबट पक्षी मऊ, मृत फांदीतच घरटे कोरतो आणि त्याने सोडलेल्या ढोलीत पुढे इतर पक्षी बिऱ्हाड करतात. काळा भुंगा आपली संतती वाळक्या ओंडक्यात वाढवितो. झाडाखालचा पालापाचोळा जाळू नये, कारण सातभाईंचे थवे दिवसभर तोच उलथून आपली उपजीविका करतात. उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या पुढे जाणाऱ्या या प्रदेशात सावलीत ठेवलेले उथळ मातीचे भांडे कोणत्याही रोपाइतकेच मोलाचे असते. मात्र डासांची पैदास आठवडाभरात होऊ शकते, आणि हिवतापाशी दीर्घकाळ झुंजत आलेल्या या वनप्रदेशात ते पाणी एक-दोन दिवसांआड बदलण्यात हयगय होता कामा नये.

इंग्लंडमधील बागेला जी चिंता नाही, ती गडचांदूरच्या आवाराला आहे. वाघ, बिबट आणि अस्वल ज्या जिल्ह्यात माणसाच्या इतके निकट वावरतात, तेथे घराच्या भिंतीला भिडलेली दाट झुडपे म्हणजे बिबट्यास दिलेला आडोसा होय. आपल्या परसाने आश्रय द्यावयाचा तो लहान जीवांना, ही मर्यादा नवशिक्याने पहिल्याच दिवशी ठरवून घ्यावी. घराभोवती आणि पायवाटेच्या दोन्ही बाजूंना निदान दहा-बारा फुटांची पट्टी मोकळी राखावी, खरकटे उघड्यावर टाकू नये, कारण त्यामागे डुकरे व कुत्री येतात आणि त्यांच्या मागावर बिबट्या येतो. लाकडांचा ढीगही भिंतीपासून दूर असावा. धामण उंदीर खाऊन उपकारच करते, परंतु नाग, मण्यार आणि घोणस हे तिघेही याच मुलखाचे रहिवासी आहेत. तेव्हा गवतात बूट व काठी, आणि रात्री विजेरी, याला पर्याय नाही.

ठाण्याजवळ घोडबंदर रस्त्यालगत राजेंद्र ओवळेकर यांनी आपल्या सुमारे दोन एकर वाडीत सुरवंटांच्या खाद्यवनस्पती आणि मधाची फुलझाडे लावून शंभराहून अधिक जातींची फुलपाखरे आणली. आपल्याकडे ताडोबाच्या सीमावर्ती क्षेत्रात आगरझरी येथेही फुलपाखरू उद्यान उभे आहे. गडचांदूरच्या मालकाने नवे लावावयाचे तर ते याच मातीचे असावे: माघ-फाल्गुनात शिंजिरांना मध देणारा पळस, त्यामागून फुलणारे करंज आणि बहावा, थंडीत मधमाश्यांना आधार देणारा अडुळसा, आणि जागा पुरेशी असल्यास, विहीर व भिंतीपासून दूर, एक उंबर. छाटणी करावयाची ती मार्गशीर्ष-पौषात, जेव्हा बहुतेक घरटी रिकामी असतात. आणि गवत कापताना आवाराचा निम्माच भाग कापावा, उरलेला पुढील वर्षासाठी ठेवावा, कारण कित्येक कोष आणि अंडी वाळल्या काड्यांवरच पुढच्या पावसाची वाट पाहत असतात.