शाश्वत विकासाची जाण कशी मोजतात?

शाश्वत विकासाची जाण मोजताना माहिती, दृष्टिकोन आणि वर्तन ही तीन अंगे वेगवेगळी तपासतात. पर्यावरण शिक्षण सक्तीचे करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये दिला. पण या विषयात उत्तीर्ण होणे म्हणजे जाण येणे नव्हे.

ही जाण तपासण्यासाठी, उदाहरणार्थ पुणे जिल्ह्यातील शिरूर-दौंडच्या महाविद्यालयांत, विद्यार्थ्यांना द्यायच्या प्रश्नावलीत प्रश्न परिसरातलेच हवेत. पुण्याचे सांडपाणी घेऊन येणारी मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते. खालच्या गावांवर या सांडपाण्याचा परिणाम काय? उसाला पाटाचे पाणी वारेमाप दिल्यास जमीन क्षारपड का होते? ‘पाणी वाचवावे’ याला सगळेच होकार देतात. म्हणून घरच्या उसाला ठिबक आहे का, हेही विचारावे लागते.

प्राध्यापक आणि कार्यालयीन कर्मचाऱ्यांनाही तीच प्रश्नावली द्यावी. वर्षारंभीची व वर्षअखेरीची उत्तरे ताडून पाहिली की फरक कळतो.